कराची किती पाणी दूर

आबा,

कराची ते मुंबई, विमानाने अर्धा दिवस. एवढं एक वाक्य मी तुम्हाला ऐटीत सांगितलं, आणि त्यापायी तुमचे शेवटचे चार दिवस गेले.

तुम्ही जन्मभर तळोदा ते नंदुरबार बैलगाडी हाकलीत. तुमचं अंतर कोसांत नसायचं, वाटेत बैलांना किती वेळा पाणी दाखवावं लागतं त्यावर असायचं. नंदुरबार तीन पाणी. मी मिरचीच्या धंद्यात पडलो, कराचीपर्यंत माल नेऊ लागलो, आणि त्या दिवाळीला घरी आलो तेव्हा बैलाच्या मानेला तेल चोळता चोळता तुम्ही विचारलंत, "कराची कितलं पानी दूर शे रे?"

मी ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. "इमानले पानी लागत नही, आबा. सकायना चहा कराचीले, दुफारनं जेवन मुंबईले. मी सोता बसेल शे ना इमानमा."

"आनि तापी?"

"तापी खाले ऱ्हाई जास."

तुम्ही हसलात आणि बैलाला म्हणालात, "ऐक, तुन्ही चाकरी गई."

उन्हाळ्यात तार आली, तुम्ही अंथरूण धरलंय म्हणून. मी त्याच संध्याकाळी निघालो. इकडे आई स्टेशनवर गाडी धाडायला निघाली, तर तुम्ही तिला अडवलंत. "मन्हा आंडोर इमानमा यी ऱ्हायना, गाडी कसाले? मन्ही खाट आंगनमा टाका." चार दिवस तुम्ही आभाळाकडे बघत पडून होतात. घार फिरली तरी मान उचलायचात, असं आई सांगते.

नंदुरबारला आगगाडीतून उतरलो तेव्हा दुपार होती. आपली गाडी नव्हती. बाजाराचा दिवस, भाड्याची मिळेना. मिळाली ती तापीच्या नावेपर्यंतच, पुढे पायी. तीन पाण्यांची वाट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पुरली. अंगणात पाऊल टाकलं तर खाट भिंतीशी उभी करून ठेवलेली.

आई म्हणाली, "काल सांजलोंग इचारेत, आवाज उना का." मग माझ्याकडे बघून माझीच समजूत घातली, "व्हस रे. इमानले बी उशीर व्हस." मी मान डोलावली.

हल्ली नंदुरबारवरून एखादं विमान जातं. बाजारात सगळ्यांच्या आधी मला ऐकू येतं, कान पहिल्यापासून तिखट. लोक विचारतात, शेट, आत कसं वाटतं? मी हसून सांगतो, कान दडतात. कराचीच्या पेढीवर शेजारच्या गादीवरचे दोन व्यापारी विमानाचे मैल आणि तास बोलत होते, तेच मी तुम्हाला ऐकवलं. कान दडतात हेही त्यांचंच. तार आली तेव्हा तर मला विमान आठवलंसुद्धा नाही. पाय सरळ रेल्वेकडे वळले.

आई अजून शेजारणींना सांगते, मन्हा आंडोर इमानमा उना व्हता. मला तिला हे सांगवत नाही. हा कागद बैलांच्या घुंगरमाळेच्या डब्यात ठेवतो, तो डबा ती उघडत नाही.

आबा, मी विमानात आजवर एकदाही बसलेलो नाही.