कोरडा ठेवायचा भाग

बाबा,

आधी फक्त घडलं ते लिहिते, ओळीने. बाकीचं नंतर.

१. रविवारी दुपारी मी काकींच्या बागेतली गाडी ट्रायलला काढली. गाडीत मी एकटी होते.
२. वरच्या सपाट सड्यावर तीन फेऱ्या झाल्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज स्वच्छ होता.
३. चौथ्या वेळी बागेकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागले. अर्ध्या उतारावर क्लचची पट्ट्यावरची पकड सुटली. गाडीला धरून ठेवणारं काही राहिलं नाही.
४. ब्रेक पूर्ण दाबला. मागची चाकं थांबली, पण गाडी खडीवरून घसरत राहिली.
५. वळणावर चिऱ्याची जुनी खाण आहे. तिच्या काठाशी चिरे रचलेले होते, त्यांना पुढचं चाक अडलं. चाकापासून खाणीच्या कडेपर्यंतचं अंतर मी नंतर टेपने मोजलं. एक मीटर दहा सेंटिमीटर.
६. मला लागलं नाही. कुणी पाहिलं नाही.
७. संध्याकाळी काकींनी विचारलं, तेव्हा ट्रायल चांगली झाली असं मी सांगितलं.

तुम्ही गेलात त्याला या मे महिन्यात बारा वर्षं झाली. मी डिप्लोमा केला, आता रत्नागिरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, आणि काकी म्हणजे मी ज्यांच्या घरात भाड्याने राहते त्या बाई. शहराबाहेर सड्यावर घर, सड्याखाली उतारावर हापूसची कलमं. दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या आणि तेव्हापासून कुबडी घेऊन अंगणापलीकडे जात नाहीत. त्यांच्या मुंबईच्या मुलाने कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली एक गाडी ट्रकमध्ये घालून पाठवली. गोल्फ खेळणाऱ्यांना मैदानावर फिरवतात ती, दोन माणसं बसतील एवढी, टू-स्ट्रोक इंजिनाची. आईने त्यात बसावं आणि आपली बाग बघावी, एवढाच त्याचा विचार. गाडी आली तेव्हा सुरूसुद्धा होत नव्हती. काकी म्हणाल्या, "तू त्यातली शिकलेली ना गो? मग हिला उभी कर. नायतर कोंबड्या बसतील हिच्यात."

मी अडीच महिने रविवारचे रविवार काम केलं. सिलिंडर वरच्या बाजूला झिजून लांबट गोल झालेला. तो रिबोअर करून, म्हणजे आतून पुन्हा गोल कापून आणला, मापाचा पिस्टन आणि रिंगा काकींच्या मुलाकडून मागवल्या. एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळीचा थर बसलेला, तो लाकडी पट्टीने खरवडला, कारण धातूने खरवडलं तर ओरखडे राहतात. क्रँकची दोन्ही सीलं बदलली. हे सगळं वहीत मापांसकट लिहिलेलं आहे आणि त्यात एकही चूक नाही. ते मी तीनदा तपासलं आहे.

चूक क्लचमध्ये आहे. या गाडीला गिअर नाहीत. दोन तिरप्या चकत्या रबरी पट्ट्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, आणि त्या पकडीवरच गाडी चालते. उतारावर ब्रेक फक्त मदतीला असतात, खरं तर इंजिनच पट्ट्यातून गाडीला मागे धरतं. चकत्या ज्या दांड्यावर सरकतात तो मी घासून चकचकीत केला. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं: दांडा आणि चकत्या स्वच्छ व कोरड्या ठेवाव्यात. मी ते वाचलं. वाचून माझ्या मनात आलं की हे लिहिणाऱ्याने आमची खारी हवा पाहिलेली नाही. महिन्याभरात पाऊस लागेल, गाडी पडवीत उभी राहील, आणि उघडं लोखंड चार दिवसांत तांबडं होईल. मी डब्यात बोट घातलं आणि दांड्याला ग्रीस लावलं. थोडंच. क्लच तापला, ग्रीस पातळ झालं आणि चकत्यांवर पसरलं. पट्टा घसरला.

मला ते बोट ओळखीचं वाटलं. लांज्याच्या आपल्या शेडमध्ये पाऊस तोंडावर आला की तुम्ही ग्रीसचा डबा घेऊन फिरता. पान्हे, जॅक, कुलपाची कडी, सायकलची साखळी, आईच्या विळीचा खिळासुद्धा. आई ओरडते, "अहो, त्या विळीवर मी मासे कापते!" तुम्ही हसता आणि खिळ्याला आणखी थोडं लावता. मी एकदा व्हीलचे बोल्ट पुसून तसेच कोरडे ठेवले, तर तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला म्हणालात, "कंजुषी कुठे करायची ते कळत नसेल, तर घरी जाऊन तांदूळ निवड." मी तेव्हा बारा वर्षांची होते. तांदूळ निवडायला गेले नाही. तिथेच उभी राहून सगळ्या बोल्टांना ग्रीस लावलं.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात तो ट्रक आला. पुढच्या चाकांची बेअरिंगं गरम होत होती. तुम्ही ती बदललीत आणि हबमध्ये, चाकाच्या मधल्या पोकळ तुंब्यात, ग्रीस भरायला मला बसवलंत, माझा हात लहान म्हणून. मी कंजुषी केली नाही. बेअरिंगच्या फटी भरल्या, मग हबमधली पोकळी भरली, मग टोपी भरली, ती बसवताना बाजूने ग्रीस बाहेर आलं. ते मी सुताच्या वेस्टने पुसून घेतलं, म्हणजे काम नीट दिसेल. तुम्ही मागच्या चाकापाशी होतात. तिकडूनच विचारलंत, "भरलंस नीट?" मी म्हटलं, "काठोकाठ." तुम्ही म्हणालात, "शाबास गो माझे बाय." दुरुस्ती केलेल्या गाडीत पहिल्यांदा दुरुस्त करणाऱ्याने एकट्याने बसायचं, हा तुमचा नियम. ड्रायव्हरला तुम्ही चहा प्यायला पाठवलंत आणि ट्रक घेऊन घाटाच्या बाजूला गेलात.

ब्रेक लागले नाहीत, एवढंच सगळे म्हणाले. ट्रक मालकाने ओढून नेला. ब्रेकचा ड्रम कुणी उघडला की नाही, मला माहीत नाही.

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर हबचं चित्र काढलं. बेअरिंगमध्ये ग्रीस पूर्ण भरावं, पण हबच्या पोकळीत जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलं तर तापल्यावर ते फुगतं, सील ओलांडून ब्रेकच्या लायनिंगवर येतं, आणि मग ब्रेक धरत नाही. मी ते वहीत उतरवलं, चित्रासकट. सरांनी विचारलं, "शंका?" वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे ते नेहमी आधी माझ्याकडे बघत. मी नाही म्हटलं. त्यानंतर मी हबला कधी हात लावलेला नाही. वर्कशॉपमध्ये ते काम मी दुसऱ्यांना वाटून देते. आतापर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काल काकी पडवीत गाडीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बागेतले जुने गडी, ज्यांना मी तात्या म्हणते, खालून वर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गो बाय, टायरचे वण पार खाणीपर्यंत गेलेत. चिरे मोजायला गेली होतीस काय?"

मी म्हटलं, "वळवून बघत होते. केवढ्या जागेत वळते ते."

"वळली मग?"

"वळली."

"बरीच लांब जाऊन वळली," तात्या म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

काकींनी हे ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या गाडीच्या सीटवरून हात फिरवत होत्या. "शनिवारी आंब्याची शेवटची तोड आहे," त्या म्हणाल्या. "मी खाली उतरणार. दोन वर्षं हा तात्या मला सांगतो, कलमं बरी आहेत, कलमं बरी आहेत. मेल्याला बरं म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे काय? मी बघेन. तू चालव, मी बाजूला बसते."

"काकी, अजून थोडं काम आहे."

"काय काम?"

मला उत्तर द्यायचं होतं. क्लचमध्ये ग्रीस गेलंय, पट्टा बदलावा लागेल, तो मुंबईहून यायला दोन आठवडे लागतील. वाक्य अगदी तयार होतं. पण त्यातला दुसरा शब्द तोंडातून निघेना. काकी पुढे विचारणार, तुला ठाऊक असताना लावलंस कसं? आणि मी जर म्हटलं की सवय, माझ्या वडिलांची सवय, तर तिथे थांबता येणार नाही. मी म्हटलं, "पॉलिश." काकी म्हणाल्या, "पॉलिश लग्नाला करतात. शनिवारी सात वाजता मी तयार असेन."

काल घरात येऊन मी बराच वेळ हात धूत होते. आज बुधवार आहे. सकाळी क्लच उघडला, चकत्या पेट्रोलने धुतल्या, दांडा कोरडा केला. पट्टा मात्र ग्रीस प्यायलेला आहे, तो धुऊन उपयोग नाही. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो. दुमडला की फटीत ओल दिसते. सपाटीवर तो चालेल. उतारावर एखादे वेळी धरेलही. अशा पट्ट्यावर काकींना शेजारी बसवून मी त्या वळणावर जाईन का, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागला त्याचीच मला जास्त भीती वाटली. बाबा, मला खोटं बोलायला जड जात नाही, हे मला या आठवड्यात कळलं. कदाचित बारा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

उद्या सकाळी चहाच्या वेळी काकींना सांगणार आहे, ग्रीस या शब्दासकट. चाकाच्या खुणांचंही सांगेन, तात्या समोर असताना. त्या ओरडतील, आणि ते बरोबरच आहे. शनिवारी गाडी निघणार नाही. म्हणून शनिवारी मी पहिल्या एस.टी.ने लांज्याला जाते आहे, आईकडे. ती अजूनही म्हणते की तुमची वेळ भरली होती, आणि मी ते तिला बारा वर्षं म्हणू दिलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

हे कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे. पानं फाडणार नाही, त्यामुळे हे कुठे जाणार नाही, तेही मला माहीत आहे. तरी विचारते. त्या दिवशी मी काठोकाठ म्हटल्यावर, ट्रक बाहेर काढायच्या आधी, तुम्ही हबची टोपी उघडून पाहिली होती का? हो की नाही, एवढंच. शनिवारी मला आईसमोर बसायचं आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.