उजव्या हाताचा कंट्रोल

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कल्पना काउन्सेलरबाईंची, सक्ती हॉकी लीगची. राग आला की लिहून काढा, म्हणाल्या. मराठीत लिहितोय, कारण टीममध्ये कुणाला ती येत नाही आणि मला शिव्या त्याच भाषेत नीट देता येतात. मुळात मला राग येत नाही. मागच्या सीझनला रेफ्रीला बर्फावर आडवा केला, तोही शांत डोक्यानं.
नऊ वर्षं मायनर लीगमध्ये आइस हॉकी खेळलो. गोल चार. पण माझं काम गोल करण्याचं नव्हतंच, मारामारीचं होतं. प्रत्येक टीम त्यासाठी एक माणूस पाळते. दहाव्या वर्षी नागपूरहून अमेरिकेत नेपरव्हिलला आलेला मुलगा तो माणूस झाला, ही काही साधी गोष्ट नाही. माझ्या फाइट्स बघायला लोक तिकीट काढून यायचे.
आता रॅकून्स टीमचा कोच आहे. मालक डग, त्याचं गाद्यांचं दुकान. यंदा कुणावर हात उचललास तर नोकरी गेली, असं त्यानं बजावलंय. हॉकीशिवाय मला दुसरं काही येत नाही. पण ती वेळच येणार नाही.

१८ ऑक्टोबर
सात-एक हरलो. हात उचलला नाही. फक्त स्टिक फेकली. ती रिंकभोवतीच्या काचेवर आपटून आमच्याच गोलकीपरच्या भुवईवर गेली. टाके पडले. काच चुकीच्या जागी आहे.

९ नोव्हेंबर
आमच्या प्लेयर्सना फाइट जमत नाही, म्हणून प्रॅक्टिसला डेमो दिला. डाव्या हातानं टायलरची जर्सी धरली, उजवा मोकळा ठेवला. तेवढ्यात माझा स्केट त्याच्या नडगीला लागला.
आईनं लहानपणी लावलेली सवय: कुणाला पाय लागला की त्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावायचा. उजवा हात आपोआप गेला. हा नमस्कार नऊ वर्षांत एकाही फाइटमध्ये चुकलेला नाही. माझी सिग्नेचर मूव्हच ती. समोरचा पार गोंधळून जातो. त्यानंतरचं सहसा आठवत नाही, छताचे दिवे तेवढे आठवतात.
दोन दात गेले. माझे. टायलर सॉरी म्हणाला. डेमो यशस्वी.
घरी आईनं काही न विचारता हळद लावली. तिचा हात बसलाय.

१४ डिसेंबर
मॅचच्या दुसऱ्या पीरियडमध्ये दोन्ही टीम एकमेकांवर तुटून पडल्या. बर्फ लाल. मी भांडण सोडवायला म्हणून कचऱ्याचा डबा उचलून समोरच्या कोचवर फेकला. डबा म्हणजे हात नव्हे. त्याचं नाक मोडलं. ते आधीपासूनच वाकडं होतं, हे मी डगला समजावून सांगितलं. डग म्हणाला, ही शेवटची वॉर्निंग.
काउन्सेलरबाईंनी विचारलं, दहा आकडे मोजले का. मोजले होते. नंतरच फेकला.
संकल्प: सीझन संपेपर्यंत दोन्ही हात खिशात.

२५ जानेवारी
आज जे झालं ते स्वसंरक्षण.
समोरच्या टीमचा मॅस्कॉट म्हणजे अस्वलाच्या पोशाखातला माणूस. तो आमच्या बेंचसमोर येऊन कपाळाला पंजा लावायचा आणि धाडकन पडायचा. पब्लिक पोट धरून हसत होतं. माझी मूव्ह, तीही चुकीची करत होता! माझी मूव्ह पडून संपत नाही. हे समजावायला मी बूट घालूनच बर्फावर उडी मारली. हात खिशातून निघाले. पहिला ठोसा मीच मारला, अस्वलाचं डोकं उलटं फिरलं. मग पाय घसरला आणि त्याला लागला.
छताला तिथे बारा दिवे आहेत.
नोकरी गेली.

८ फेब्रुवारी
डगचा फोन! त्या फाइटचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला म्हणे. आता दर मॅचच्या मध्यंतरात आमचा मॅस्कॉट म्हणून रॅकून प्राण्याच्या पोशाखात मी त्या अस्वलाशी फाइट करायची. म्हणजे मी पुन्हा प्लेयर! हे प्रमोशनच आहे. शेवटी अस्वल जिंकतं असं ठरलंय, पण ते नुसतं ॲक्टिंग. मी अट एकच घातली, आत कोण आहे ते कुणाला कळता कामा नये. आईला सांगितलं, टीमचा कन्सल्टंट झालोय.

१४ मार्च
आई मॅचला आली होती, नेहमीच्या जागी, थर्मास घेऊन. ती बघतेय म्हणून जीव ओतला. अस्वलाला दोन कानशिलात लगावल्या, गुडघ्यानं पोटात दिली. आज ठरलेलं विसरून जिंकायचंच होतं. मग काय झालं ते आठवत नाही.
घरी आलो तर हळद तयार. कुणाला लागलं, असं मी विचारलं. आई म्हणाली, पाय लागल्यावर रॅकूननं नमस्कार केला तेव्हाच तुला ओळखलं, बाळ.
मग इतकी वर्षं एकदा तरी म्हणायचंस, की फाइटमध्ये नमस्कार करू नकोस, असं मी ओरडलो. ती गोंधळली. मार खाणं हीच माझी नोकरी आहे, असं तिला पहिल्यापासून वाटत होतं. आणि ती मी मन लावून करतो, असं ती सगळ्यांना सांगत आलीय.
हळद लावून घेतली. शुक्रवारी पुन्हा मॅच आहे.