बारा रॉड घरी राहिले

प्रिय कॉय,

बास मासे पकडायला निघालेल्या माणसानं बोटीत गळाचे किती रॉड न्यावेत? मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन मला चार महिने झाले, आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. गेल्या शनिवारी एका अनोळखी माणसानं हवापाण्याबद्दल विचारावं इतक्या सहज तो मला विचारला. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्ही वेळी माझं अक्षर माझं मलाच लागलं नाही.

चार वर्षांनी माझं पत्र बघून मम्माला काही झालं असं तुला वाटेल. ती बरी आहे. तुझा पत्ता तिनंच दिला, पिठाच्या डब्यामागून काढून. तू काम करतोस त्या समुद्रातल्या तेलविहिरीवर पत्रं पोचवतात की किनाऱ्यावर साठवून ठेवतात, ते तिलाही माहीत नव्हतं. कधीही हातात पडलं तरी शेवटपर्यंत वाच. मधेच फाडून टाकावंसं वाटलं तर तो हक्क तुला आहे, पण शक्यतो वाच.

आपली पडवी आठवते ना तुला? स्पर्धेच्या आदल्या दिवशी डॅडी कामावरून आले की चौदा रॉड कठड्याला ओळीनं टेकवायचे. प्रत्येकाला स्वतःचं रीळ, स्वतःचं तंगूस, आणि टोकाला आमिष आधीच बांधलेलं, म्हणजे पाण्यावर गाठी मारत बसायला नको. हा गवतावरून ओढायचा, हा तळाशी चिखलात खरवडत न्यायचा, हा गढूळ पाण्यात चकाकणारा. गाठी तू मारायचास आणि मी त्या ओढून बघायचे. एक जरी सुटली तरी तू मला दिवसभर "तपासनीस" म्हणून चिडवायचास. मम्मा दारातून ओरडायची, "व्हर्लन, मासे पकडायला चाललायस की त्यांच्यावर चढाई करायला?" डॅडींचं उत्तर ठरलेलं असायचं. "अगं, एकेक रॉड म्हणजे एकेक प्रश्न. मासा आज कुठे बसलाय, काय खातोय, मला काय ठाऊक? ज्याला आधीच ठाऊक असेल त्यानं दोन न्यावेत." आणि आपण सगळे हसायचो, कारण पाण्याखालचं आधीच ठाऊक असणारा माणूस आपल्या अख्ख्या अलाबामात कुणी पाहिला नव्हता.

या मोसमाची पहिली जोडीची स्पर्धा मार्चच्या शेवटच्या शनिवारी होती. त्याआधी एक दिवस जेवताना डॅडी म्हणाले, "काय प्राध्यापकीणबाई, बापाच्या बोटीत मागच्या खुर्चीवर बसाल का? की पदवीवाल्यांना बोट लागते?" कॉय, मी ताटावरून उठून बाहेर जाऊन रडले. ती खुर्ची तुझी होती. तू गेल्यापासून त्यांनी तिच्यावर कुणालाच बसवलं नव्हतं, एकट्याच्या स्पर्धा तेवढ्या खेळायचे. त्यांनी मला माफ केलं असं मला वाटलं. कशाबद्दल माफ केलं, ते मला सांगता आलं नसतं. मुलगी असल्याबद्दल असेल, किंवा शिकायला घर सोडून गेल्याबद्दल.

सकाळी मी माझे पाच रॉड घेऊन आले तर बोटीवर त्यांचे दोनच. "डॅडी, बाकीचे?" "पाठ धरलीय माझी. तूही तीन ट्रकमध्ये ठेव, पाय ठेवायला जागा राहू दे." आमिषं विकणारा बर्ल टिडमोर अजूनही क्लबचा अध्यक्ष आहे. बोटी पाण्यात सोडतात तिथे उतारावर उभा राहून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे व्हर्लन, बायकोनं उरलेले बारा घेवड्याच्या वेलांना लावले की काय?" माणसं खदखदून हसली. डॅडीही हसले, पण बर्लकडे न बघता. दोन दिवस पाऊस पडून गेला होता, पाणी वर गढूळ आणि खाली थंड होतं, मासे अंडी घालायला कडेला यावं की नाही या विचारात होते. अशा दिवशी आजूबाजूच्या प्रत्येक बोटीवर रॉडचा पसारा होता. मी मनाची समजूत घातली, साठी ओलांडलीय, पाठ दुखत असेल.

दहा वाजेपर्यंत आम्हाला वीतभर लांबीचे दोन मासे मिळाले, तेही सोडून द्यावे लागले. मग डॅडींनी बोट धक्क्याला लावली. "बर्लच्या दुकानातून गरम सॉसेजचे पाव आण. रांग असली तर थांब, घाई करू नकोस. तोवर मी पुलाच्या खांबांपाशी दोनचार वेळा आमिष टाकून येतो." रांग होती. पंचवीस मिनिटांनी मी परतले तेव्हा ते धक्क्याशी आलेले होते, चेहरा लालबुंद. "डेला, वेड लागलंय त्यांना! तू गेलीस आणि एकामागून एक!" त्यांनी बोटीतल्या टाकीचं झाकण उचललं. पाच बास, एकेक चार पौंडांच्या वरचा. मी किंचाळले, उड्या मारल्या, त्यांच्या गळ्यात पडले. मग बसायला जागा करावी म्हणून त्यांचा रॉड उचलून बाजूला ठेवायला गेले, तर आमिष कोरडं. रिळावरचं तंगूस कोरडं. दुसरा रॉड हातात घेतला, तोही कोरडा.

मी पुन्हा टाकीत पाहिलं. माशांची नाकं सोलवटून लाल झालेली, शेपट्यांच्या कडा फाटलेल्या, अंगाचा हिरवा रंग उडालेला. तारेच्या पिंजऱ्यात दिवसचे दिवस कोंडलेले मासे असेच दिसतात. हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, परीक्षेत मी त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आणि कॉय, मी काय केलं? त्यांच्या हातात पाव दिला. त्यात मोहरीचा सॉस घातला नव्हता म्हणून ते कुरकुरले, तर मी "सॉरी डॅडी" म्हणाले. दुपारभर मी त्यांच्या मागे बसून पाण्यात आमिष टाकत होते आणि माझ्या डोक्यात एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

पाच माशांचं मिळून वजन बावीस पौंड भरलं. बर्ल अर्ध्या पौंडानं दुसरा आला. डॅडींनी मला मंचावर ओढलं आणि माइकवर म्हणाले, "मी आपला म्हातारा गडी. डोकं सगळं हिचं! उगीच नाही पदवी घेतली पोरीनं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्लबचा नियम तुला सांगायला नको: जिंकलेल्या जोडीतल्या एकानं खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसायचं, आणि कुणी बसायचं ते जोडीनंच ठरवायचं. बर्लनं विचारायच्या आत डॅडी म्हणाले, "माझी डेला बसेल. ही पोरगी लहानपणी बरणीतली गोळी चोरायची ना, तर आधी येऊन सांगायची आणि मग खायची." पुन्हा हशा. मी त्या हशात उभी होते आणि मला कळलं, की मला धक्क्यावर का उतरवलं होतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. खरं बोलूनही मी त्या यंत्रातून सहज सुटले असते. बारा रॉड घरी ठेवून त्यांनी त्या यंत्रासाठी मला बोटीत घेतलं होतं.

धक्क्याजवळच्या चर्चच्या मागच्या खोलीत यंत्रवाल्यानं माझ्या छातीला पट्टा बांधला, बोटांना चिमटे लावले. भला माणूस होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, जरा गप्पा मारू. मला यातलं काही कळत नाही. किती रॉड लागतात हो तुम्हाला?" मी म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही, माझे डॅडी चौदा नेतात. "बापरे! आजही चौदा?" मी म्हणाले, आज दोन. त्यानं यंत्र सुरूच केलं नव्हतं. मी स्वतःच चिमटे काढले आणि त्याला कोरडं तंगूस सांगितलं, नाकं सांगितली, पुलाचे खांब सांगितले. तो बर्लला बोलावून घेऊन आला. बर्ल ओरडला नाही. त्यानं टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली, आणि निकाल रद्द झाल्याचं बाहेर जाऊन सांगितलं.

परतताना ट्रक डॅडींनीच चालवला. सहा मैलांनंतर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कॉयनं निदान गप्प उठून जायची अक्कल दाखवली होती."

मी त्यांना ट्रक थांबवायला लावला. दार उघडून रस्त्याच्या कडेला उतरले. कॉय, चार वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर तू होतास. जिंकल्यावर त्यांनी तुलाच पुढे केलं, आणि तू पट्टा बांधून घ्यायच्या आधीच "मी बसत नाही" म्हणून निघून गेलास. नकार म्हणजे कबुली, हा नियम. डॅडी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगा आहे, चुकला असेल," आणि गावानं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. क्लबनं तुझं नाव कायमचं काढून टाकलं. आणि मी? मी दारात उभी राहून तुला म्हणाले, "लाज असेल तर डॅडींना तोंड दाखवू नकोस." तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून बघतोस.

घरी आल्यावर मम्माला सांगितलं तेव्हा ती कढई घासत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही. "मला वाटलं तुला कधीच कळलं असेल," ती म्हणाली. "एवढी शिकलीस." म्हणजे चार वर्षं दर सुट्टीत त्या टेबलाशी खरं काय ते ठाऊक नसलेली एकटी मीच जेवत होते.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी डॅडींपाशी पडवीत जाऊन बसले. त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली. आता पोरं बोटीवर पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा लावतात, त्यावर मासा दिसतो, आमिषाजवळ येताना, तोंड उघडताना. "मी चौदा नेले, अठरा नेले. पाणी पूर्वी बोलायचं माझ्याशी, डेला. आता गप्प बसतं." मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांचा हात धरला. हात धरूनच मी म्हणाले, कॉयबद्दलचं खरं तुम्ही क्लबच्या गुरुवारच्या बैठकीत सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. त्यांनी हात सोडवून घेतला. "आधी तुझ्या भावाला विचार. चार वर्षं त्यानं तोंड शिवून घेतलंय. ती शिवण त्याची आहे, तुझी नाही." आत गेले आणि दार लावून घेतलं.

ते अगदी खोटं बोलले असं मला म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. तू गप्प राहिलास तो कुणासाठी, डॅडींसाठी, मम्मासाठी की कॉलेजला निघालेल्या माझ्यासाठी, हे मला ठाऊक नाही, आणि जे तू एवढी किंमत देऊन सांभाळलंस ते मोडायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि तू नको म्हटल्यावर माझं धाडस झालं नसतं. म्हणून मी विचारलं नाही. काल गुरुवार होता. डॅडी आले नाहीत. चाळीस माणसांसमोर मी उभी राहिले, आधी तुझं नाव घेतलं आणि मग त्यांचं, आणि जे घडलं होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून खाली बसले.

चार वर्षं उशिरानं, पण तुझीच,
डेला