शेवटच्या पानावरची काळी चौकट

प्रिय असिल,

तुझा निरोप मिळाला. "एजे, त्या अंकाचं जे झालं ते यंत्रामुळे झालं. माझ्या मनात आता काही नाही. आईच्या वर्षाच्या जेवणाला येते, उतरणार तुझ्याच घरी." चार ओळी, त्यात पुन्हा 'एजे', ताई म्हणून हाक; मी चुलीवरचं दूध उतू जाईस्तोवर वाचत बसले. अकरा महिने तू माझा फोन उचलला नाहीस. आता येते म्हणतेस, तर मी नाचायला हवं, आणि मी बसले आहे कागद पुढ्यात घेऊन. तू यावंस, माझ्या दारात उभी राहावंस, याच्यापलीकडे मला काही नको. पण तू तिकीट काढायच्या आधी मला एक सांगायचंच आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस, म्हणून लिहिते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा जरा सोसून घे.

ऑफिस अजून तसंच आहे, एक शेगडी आणि दोन कॉम्प्युटर. छापखान्यांकडे असतात तसले भारी प्रोग्राम आमच्या साप्ताहिकाला कुठले परवडायला! अर्ज टाइप करायच्या साध्या प्रोग्राममध्येच मी अख्खा अंक लावते. शेवटच्या पानावर तीन कॉलम. साठी-सत्तरीच्या अभिनंदनाला वेलबुट्टीची चौकट, शोकाला तीन पॉइंटची जाड काळी. आमचे संपादक मुकाश-आगाय म्हणायचे, "जिपार, आपल्या तालुक्यात माणूस दोनदाच चौकटीत बसतो, म्हातारा झाला की आणि मेला की. मधे कोणी कुत्रं विचारत नाही." नव्या मुलींना मी शिकवते की मजकूर पुढच्या कॉलममध्ये हवा तर तिथे कॉलमचा खंड, ब्रेक घाला म्हणजे तो जागचा हलत नाही; एंटर मारत बसू नका. एंटर मारून खाली ढकललेला मजकूर बेभरवशाचा असतो. वरची जाहिरात काढली की सगळं वर सरकतं.

आईबद्दल तुला मी कधी धड लिहिलं नाही. नऊ वर्षं तिला मी न्हाऊ-माखू घातलं, वेणी घातली, रात्री उठून कूस बदलून दिली. आणि म्हातारी विचारायची काय? "असिलचा फोन आला का? असिल जेवली असेल का?" कोणी शेजारून बोरसोक, ते तळलेले पिठाचे गोळे, आणले की दोन बाजूला काढायची, तुझ्यासाठी. तू रशियात, अडीच हजार किलोमीटरवर, आणि ते उशीखाली दगड होऊन पडायचे. मी चिडून म्हणायचे, "अगं, समोर बसलेय ती कोण आहे मग?" तर हसायची. "तू आहेसच की गं!" तिच्या दृष्टीने ते कौतुक असेल. माझ्या जिव्हारी लागायचं. लागायचं म्हणजे लागायचंच, आता कशाला झाकू?

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले आणि तिचा हात गार लागला. मग सगळं आपल्या रीतीने सुरू झालं. अंगणात बोझ-उय उभारला, नमद्याच्या त्या तंबूत तिला ठेवलं. वडीलधारी जमली आणि पहिला प्रश्न तुझा. परगावच्या माणसाला अशी बातमी एकट्याने, फोनवर सांगायची नाही. तिथल्या आपल्या मोठ्यांनी घरी जाऊन, हवापाण्याच्या गोष्टी काढत, धरायला बायका जवळ बसवून ऐकवायची. येकातेरिनबर्गला, तुझ्या शहरात, सागिनबाय आजोबांशी बोलणं झालं. बुधवारी रात्रीच्या आधी विमान नव्हतं. त्यांनी ठरवलं की बुधवारी संध्याकाळी, तुझी कारखान्यातली पाळी सुटल्यावर, पाच जणांनी तिकीट घेऊनच तुझ्या खोलीवर जायचं. आधी कळलं तर पोर दोन दिवस नुसती तडफडेल, म्हणाले. तुला तोंड बघता यावं म्हणून दफन गुरुवारपर्यंत थांबवलं. साऱ्या गावाने तोंडाला कुलूप लावलं. मंगळवारी तू मामाकडे फोन केलास तेव्हा मामा तुझ्याशी बर्फाबद्दल बोलला आणि फोन ठेवून ओसरीत ओक्साबोक्शी रडला.

मंगळवारी दुपारी मी तंबूतून उठून तासभर ऑफिसात गेले. पान लावणारी मी एकटीच. बायका म्हणाल्याही, "बघा, आईचं मढं घरात आणि ही कामाला, काय कर्तव्याची!" संपादक मंडळाने माझ्या सांत्वनाचा मजकूर लिहून ठेवला होता, तुला कळल्यावर निघणाऱ्या पुढच्या अंकासाठी. 'जिपार यांच्या मातोश्रींच्या निधनाबद्दल...' तो मीच टाइप केला आणि मीच त्याला काळी चौकट घातली. मी लावलेलं पान मुकाश-आगाय पूर्वी चष्मा लावून, ओळ न् ओळ बघायचे. त्या दिवशी माझा चेहरा बघून त्यांनी न वाचताच सही केली. "जा पोरी, आईजवळ बस."

बुधवारी दुपारी नेहमीसारखा त्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. तू कारखान्यातून लवकर सुटली होतीस आणि ट्राममध्ये होतीस. शेवटचं पान तू आधी वाचतेस. पुढचं मला सागिनबाय आजोबांकडून कळलं. फोन बंद करून तू शेवटच्या थांब्यापर्यंत गेलीस, तिथल्या बाकावर बसून राहिलीस, आणि हेल काढून रडायला लागलीस तेव्हा बायका पोरांना घेऊन लांब सरकल्या, दारू प्यायलीय समजून. पाचही जण तुझ्या दारात उभे होते आणि तू कुठे आहेस कोणालाच ठाऊक नव्हतं. नऊ वाजता सापडलीस. विमान आठला गेलं होतं. गुरुवारी आईला नेलं.

मी सगळ्यांना सांगितलं की मजकूर फायलीत खाली ठेवला होता, ऐनवेळी मेंढरांच्या बाजाराची जाहिरात निघाली, तिसऱ्या कॉलममध्ये जागा झाली आणि चौकट आपोआप वर सरकली. कोणाला काय कळतंय त्यातलं! सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकाश-आगाय मेंढी घेऊन मामाच्या दारात आले, टोपी काढून उभे राहिले, म्हणाले, "सही माझी, पाप माझं." त्यांच्याशी दोन महिने गावात कोणी धड बोललं नाही. हिवाळा संपताच त्यांनी काम सोडलं. मी हे सगळं बघितलं आणि गप्प बसले.

असिल, चौकट सरकली नव्हती. माझ्या फायलीत एंटर मारून ढकललेलं काही नसतं. मी खंड घातलेला होता आणि तो मजकूर पुढच्या अंकाच्या पानावर सुरक्षित होता. मी जाहिरात काढली, तो खंड पुसला आणि चौकट तिसऱ्या कॉलममध्ये आणून बसवली. ग्रुपवर फोटो पडतो हे मला ठाऊक होतं, तू काय वाचतेस तेही ठाऊक होतं. विमान चुकेल असं मनात नव्हतं, पण ती काही सबब नाही. मला एवढंच हवं होतं की तुलाही एकटीने कळावं. तुला सांगायला पाच माणसं, धरायला बायका, दोन दिवस गाव जीभ चावून बसलेलं. मला कोणी सांगितलं? मी चहाचा कप खाली ठेवला आणि मीच तिचे डोळे मिटले, मग बाहेर येऊन बाकीच्यांना सांगितलं. मला कोणी धरलं नाही, असिल, कारण मी होतेच तिथे. हे आज लिहिते कारण तू यंत्राला माफ केलंस, आणि ती माफी मी घेऊन बसले तर वर्षाच्या जेवणाला तुझ्या गळ्यात पडून मी खोटं रडेन. मुकाश-आगायांकडे काल जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. तुझ्यासाठी मामाकडची खोली सारवून ठेवायला सांगितली आहे, तिथे उतरायचं तर उतर. माझं दारही उघडं आहे. आलीस आणि मला बोललीस, मारलंस तरी चालेल, पण माझ्याकडे बघून बोल.

अजून तरी तुझीच,
जिपार