चांदी म्हशीचा दोर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. ठाणे प्रभारी साहेब,
नदीकाठ पोलीस ठाणे,
बुरहानपूर (म. प्र.)

अर्जदार : चंद्रभागा उखर्डू महाजन, रा. लालबाग

विषय : मारहाणीच्या गुन्ह्यात जप्त झालेला म्हशीचा दोर अर्जदारास परत देणेबाबत.

संदर्भ : भाऊबीजेच्या दिवशीचा रिपोर्ट व दोराचा जप्ती पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार बाईंनी मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपली चांदी नावाची म्हैस सख्खा धाकटा भाऊ लोटू, रा. जैनाबाद, यास सत्तर हजारांत दिली. बहीणभावातला व्यवहार, म्हणून कागद केला नाही. पैसे दसऱ्याला द्यायचे ठरले. मात्र बाईंच्या माहेरची जुनी रीत अशी की, उधारीवर दिलेल्या जनावराचा दोर पैसे फिटेपर्यंत विकणाऱ्याच्या खुंटीला राहतो. पैसे बुडाले तर ज्याच्या हाती दोर त्याने जावे आणि जनावर सोडून आणावे. गाव त्यास अडवत नाही. त्याप्रमाणे म्हैस तापी ओलांडून गेली, दोर लालबागेत राहिला.

२. दसरा उलटला. बाईंनी विचारले तेव्हा भाऊ म्हणाला की, जिजी, भावाच्या दारात वसुलीला येते का? भाऊबीजेला ये ना, ताटातच टाकतो. बाई ताट घेऊन गेल्या, आणि पिशवीत दोरही. ओवाळताना जात्यावरची जुनी ओवी आपसूक ओठी आली :

तापीच्या गं पल्याड, माझ्या माहेराचा दिवा
वारा सुटता गं बाई, पदर धरिते मी भावा

ताटात एक ब्लाउजपीस पडला. बाईंनी ताट ओसरीवर ठेवले, दोर काढला आणि गोठ्याकडे निघाल्या.

३. लोटूने दोर हिसकावला, दुहेरी केला, आणि त्याच दोराने बाईंना पाठीवर, मानेवर, तोंडावर मारले. बाईंनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, हे त्या नाकारत नाहीत. तोंडात मांस आले होते. मग त्याने दोर त्यांच्या गळ्यात घातला आणि अंगणातून फरपटत नेत गल्लीला ओरडून सांगितले की, घ्या, सत्तर हजारांची म्हैस चालली, कोणाला पाहिजे का. भावजय मालूबाई मध्ये पडली नाही. तिने फाटक उघडून दिले. ओसरीवरचा दिवा तेव्हाही जळत होता.

४. ठाण्याने लागलीच गुन्हा नोंदवला व मारहाणीचे हत्यार म्हणून दोर जप्त केला. अर्जदार बाईंची खरी अडचण येथून सुरू झाली. जैनाबादचे पंच म्हणतात, आधी दोर दाखवा, मग म्हैस सोडा. लोटू चौकात सांगतो की, दोर साहेबांच्या खुंटीला, तर म्हैस साहेबांची. मी नुसता दूध काढणारा गडी, पैसे साहेबांना देईन. जप्तीचा माल सांभाळणारे मालखान्याचे मुन्शीजी म्हणतात, अम्मा, केस चलेगा तब तक सबूत नहीं मिलेगा. केस किती वर्षे चालेल हे त्यांनी सांगितले नाही. म्हैस किती वर्षे जगते हे बाईंना ठाऊक आहे.

५. बाईंचा मुलगा मोहित केळी कापायच्या कामावर जातो. आईच्या मानेवरचा वळ पाहून तो भरदिवसा मामाच्या बागेत शिरला आणि घड लागलेली एक ओळ आडवी केली. लोटूने फावड्याने त्याचा डावा हात मोडला. उजवा शाबूत आहे, आणि भीती त्याचीच आहे. रोज सकाळी तो पायाखाली दगड धरून एका हाताने कोयत्याला धार लावतो. विचारले तर म्हणतो, आई, तू दोराच्या मागं लाग. मी मामाचं मुंडकंच आणतो तुझ्या ताटात.

६. सबब विनंती की, भावाला शिक्षा काय द्यायची ते कायदा पाहील. पैसे बुडाले असे बाईंनी धरले आहे. फक्त दोर द्यावा. सबूत पाहिजे असल्यास गळ्यावरचा वळ जायचा नाही असे डॉक्टर सांगतात. तो केव्हाही तपासावा. दोर मिळाल्यास बाई एकट्या, उजेडी, पुलावरून जातील आणि चांदीला घेऊन येतील. त्या गेल्या नाहीत तर मोहित जाईल.

आज तो हाताचे प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेला आहे. घरी आल्यावर आधी कोयता शोधेल. तो येण्याआधी बाईंना घर गाठायचे आहे. रिकाम्या हाती पाठवू नये.

आपल्या ठाण्याच्या पायरीवर बसलेली,
(सही) चंद्रभागा उखर्डू महाजन
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. जप्ती पंचनाम्याची प्रत.
२. केळी कापायचा कोयता एक, पोत्यात गुंडाळलेला. धार जपून पाहावी. मिळाल्याची पोच म्हणून दोर द्यावा.