नव्या तांदळाची गाठ

नागपूर, ९ डिसेंबर १९७९

ती. बाबांना रुखमाचा नमस्कार.

मी बरी आहे. दवाखान्याच्या एक्स-रे विभागातली माझी नोकरी कायम झाली.

धाकट्या शेवंताच्या लग्नाचं आईने कळवलं. सकाळची एस.टी. धरली तर दुपारी एकोडीला पोचेन, पण मी येणार नाही. माझा बाप्तिस्मा झाल्याचं समजलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "येशूची झालीस, त त्याच्याच घरी राह्य. माह्या उंबरठ्यावर पाय ठेवू नोको." आईबापाचं ऐकावं ही माझ्या देवाचीही आज्ञा आहे, म्हणून ऐकते. पूर्वी तुम्हाला भिऊन ऐकायची आणि मनात धुसफुसायची. आता भीती नाही, रागही नाही. प्रार्थनेला बसले की मोकळं वाटतं. रडू येतं, तेही खरं.

तुमचा खोकला थांबला का? नसेल तर भंडाऱ्याला जाऊन छातीचा फोटो काढा. टाळू नका.

शेवंतासाठी साडी पाठवत आहे. आईची कंबर कशी आहे?

भय्याजीकाका इथे तपासणीला आले होते. त्यांनी नव्या तांदळाची पिशवी दिली. "तुह्या मायनं देल्ली," म्हणाले. पण पिशवीला तुम्ही बैलाच्या दाव्याला मारता तशी गाठ होती. आईला ती येत नाही. ती मी कापली नाही, हाताने सोडवली.

त्याच तांदळाचा भात केला. आपल्याकडे नव्याचा पहिला भात घरच्या माणसांनीच खायचा असतो.

तुमचं ऐकणारी,
रुखमा