शेठ-शेठाणींचं हिवाळी बिऱ्हाड

२ डिसेंबर

चि. बबीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सशांचं, शेठ-शेठाणीचं घर टेम्पोने पाठवलंय. चार पाय उंच ठेवलेत, जमिनीचा गारठा वर यायचा नाही. पुढे जाळीचं दार, त्यावर रात्री लावायची फळी. फटी पुट्टी भरून बुजवल्यात, फळीला रबराची पट्टी मारलीय. फूटपाथवर स्टुलं विकायचो तेव्हापासून एकच हट्ट, आपल्या कपाटात मुंगी शिरता कामा नये. मेहुण्यांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

११ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

घर पोचलं. शेजारीण विचारत होती, भाडेकरू कोण येणार म्हणून. शेठ लगेच आत पसरला, शेठाणीने दोन दिवस नखरे केले. वीतभर पेंढा घालते, पाणी कोमट ठेवते.

पण दादा, शेठ शिंकतोय रे. सकाळी फळी काढावी तर पेंढा दमट, छताला थेंब. पाऊस नाही, पाण्याची वाटीही सांडलेली नसते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, फक्त कोरडं ठेवा. हे म्हणतात, थंडी बाधली. महिनाअखेर शिंका थांबल्या नाहीत तर जोडी कायमची ह्यांच्या हेडक्लार्कबाईंकडे जाणार, त्यांच्याकडे हीटर लावलेली खोली आहे. मी मान डोलावली खरी, पण तेव्हापासून रोज उठल्याबरोबर त्याच्या शिंकाच मोजते. अजून कुठे फट राहिलीय का, तेवढं सांग. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी बबी

१५ डिसेंबर

चि. बबीस आशीर्वाद.

गिऱ्हाइकाची तक्रार मी दोनदा ऐकतो, तसं तुझं पत्र दोनदा वाचलं. पाऊस नाही, पाणी सांडलं नाही, मग थेंब कुणाचे? त्या दोघांच्या श्वासाचे! मी त्यांना कपड्यांसारखं कोंडलं, बबे. थंडी कसली बाधतेय, माझी कारागिरी बाधली.

आता रबराची पट्टी उपटून टाक. दोन्ही बाजूंना अगदी वर, छपराच्या खाली, अंगठा जाईल अशी चार-चार भोकं पाड आणि आतून बारीक जाळी ठोक. खाली पाडू नकोस, वारा थेट अंगावर येईल. पेंढा सगळा नवा घाल. आणि लाडाने घरात घेऊ नकोस. त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लोकर आलीय, आत-बाहेर केलंस तर उलट त्रास होईल. मेहुण्यांना हे पत्र दाखव, नाहीतर माझं काम बिघडवलंस म्हणून तुलाच ओरडतील. लोभ वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा दादा

३० डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र दाखवूनही ह्यांचा तासभर विश्वास बसेना. दादांच्या कपाटाला भोक म्हणजे काय, म्हणत होते. शेवटी स्वतःच ड्रिल घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी पेंढा कोरडा, आठवड्यात शिंका बंद!

पण हेडक्लार्कबाईंना कळवायचं राहिलं, आणि त्या काल सकाळी टोपली घेऊन हजर. गवतावर पांढरं दव गोठलेलं, घराचं दार सताड उघडं, आणि शेठ-शेठाणी त्या गवतावर उड्या मारतायत. बाईंनी विचारलं, थंडी नाही का वाजत? हे मफलर गुंडाळून कुडकुडत उभे. म्हणाले, वाजतेय ना, मला; पण ही दोघं आत गेल्याशिवाय माझा पाय निघत नाही.

बाई चहा घेऊन रिकामी टोपली परत घेऊन गेल्या. तुझी माया अशीच येत राहू दे.

तुझी बबी